लोक येतात, पेटी कार्टमध्ये टाकतात आणि निघून जातात: आंब्याच्या वेबसाइटचं निदान

मार्च उजाडला की एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून ऐकू येते. "जाहिरातीला पैसे घातलेत, साइटवर रोज माणसं येताना दिसतात, पेटी कार्टमध्येही टाकतात, पण ऑर्डर काही पडत नाही." बोलणारा कधी देवगडचा बागायतदार असतो, कधी पावसचा, तर कधी पुण्यात नोकरी करून गावची बाग ऑनलाइन विकणारा मुलगा. मागच्या मोसमातही हेच झालेलं असतं. तेव्हा कुणीतरी थीम बदलून दिली, बॅनर नवा केला, 'ऑर्डर करा'चं बटण हिरव्याचं केशरी केलं. चार दिवस बरं वाटलं. यंदा गाडी पुन्हा तिथंच.

गळती कुठे आहे ते न बघता रंगरंगोटी केली की हे असंच होणार. कन्व्हर्जन रेट, म्हणजे शंभर भेटींमागे किती ऑर्डर पडल्या, हा एकच आकडा बघून काहीच कळत नाही. तो का पडलाय हे शोधायचं तर ठरावीक क्रमाने जावं लागतं: आकडा खरा आहे का, येणारी माणसं कोण आहेत आणि ती नेमकी कुठल्या पायरीवरून परत फिरतात. हा क्रम उलटा केला तर पैसे जातात आणि मोसमही जातो, कारण हापूसचा मोसम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. खालची उदाहरणं आंब्याची आहेत, पण काजू, मसाले किंवा पैठणी विकणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी आकडा तपासा, साइट नंतर

'ऑर्डर येत नाहीत' असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे ऑर्डर येत असतात, फक्त मोजल्या जात नसतात. गुगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटी आणि खरेदी मोजणारं गुगलचं साधन) खरेदीची नोंद बहुतेक साइटवर 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' हे पान उघडलं की होते. आता यूपीआयने पैसे भरणारा माणूस काय करतो बघा. ब्राउझरमधून पेमेंट ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण दिसते आणि फोन खिशात घालतो. साइटवर परत येतच नाही. पैसे तुमच्या खात्यात पोचले, पेटीही जाणार, पण ॲनालिटिक्सच्या लेखी तो माणूस कार्ट सोडून पळालेला.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. मागच्या आठवड्याचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: पेमेंट गेटवेच्या (साइटवर ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) डॅशबोर्डवर यशस्वी झालेली पेमेंट, साइटच्या ॲडमिनमध्ये दिसणाऱ्या पैसे भरलेल्या ऑर्डर आणि ॲनालिटिक्समधल्या खरेदीच्या नोंदी. कालचा आणि आजचा दिवस यात धरू नका, कारण ॲनालिटिक्सचा डेटा पूर्ण बसायला २४ ते ४८ तास लागू शकतात. तिन्ही आकडे साधारण जुळले तर पुढे जा. गेटवे आणि साइट जुळतात पण ॲनालिटिक्स मागे आहे, तर मोजमाप सुधारायचं आहे, साइट नाही. आणि गेटवेवर पेमेंट जास्त, साइटवर ऑर्डर कमी असं दिसलं तर हे वाचणं थांबवून आधी खालचा पेमेंटचा भाग बघा. तिथे गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेले असतात.

चौथा आकडा बहुतेक जण धरतच नाहीत, तो म्हणजे व्हॉट्सॲप. आंब्याच्या धंद्यात कितीतरी माणसं साइट बघतात, भाव बघतात आणि मग नंबरावर "दादा, कोथरूडला दोन पेट्या मिळतील का" असा मेसेज टाकतात. ही ऑर्डर साइटनेच मिळवून दिलेली असते. व्हॉट्सॲपच्या आणि फोनच्या बटणावरच्या क्लिकची वेगळी नोंद ॲनालिटिक्समध्ये लावून घ्या. ती लावली की 'साइट चालत नाही' हे मत बऱ्याचदा बदलतं.

भेटींच्या आकड्यातही खोट असते. मोसमाच्या सुरुवातीला मालक, त्याचा भाऊ, पॅकिंगवाली दोन पोरं आणि वेबसाइटवाला असे सगळे मिळून दिवसभर साइट उघडून बघत असतात. लहान साइटवर एवढ्यानेही टक्केवारी हलते. आपल्या ऑफिसचं आणि घरचं इंटरनेट गाळणीत टाका. आणि दर काढताना भागाकार भेटींनी करताय की माणसांनी, ते एकदा ठरवा आणि मोसमभर तेच ठेवा. एकच माणूस तीनदा येऊन तिसऱ्यांदा पेटी घेतो, तेव्हा दोन्ही हिशोब वेगळे येतात. दोन महिन्यांची तुलना दोन वेगळ्या हिशोबांनी केल्यामुळे घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

दर पडला म्हणजे धंदा पडला असं नाही

समजा, जाहिरात सुरू करण्याआधी महिन्याला १००० भेटी होत्या. त्यातल्या ४०० जुन्या गिऱ्हाइकांच्या, त्यांच्यात ८ टक्के ऑर्डर देतात, म्हणजे ३२. उरलेल्या ६०० नव्या माणसांच्या, त्यांच्यात अर्धा टक्का, म्हणजे ३. एकूण ३५ ऑर्डर, दर साडेतीन टक्के. आता जाहिरात लावली आणि नव्या माणसांच्या भेटी ६०० वरून ४६०० झाल्या. जुन्यांचा दर तोच, नव्यांचाही तोच. ऑर्डर झाल्या ३२ अधिक २३, म्हणजे ५५. पण एकूण दर आला १.१ टक्क्यावर.

ऑर्डर ३५ वरून ५५ झाल्या आणि मालक म्हणतो साइट बिघडली! इथे थीम बदलून काय होणार? बघायचं ते एवढंच की या वाढीव २० ऑर्डरींवर जाहिरातीचा खर्च सुटतो की नाही. म्हणून दर कधीही एकत्र बघू नका. नवे आणि जुने वेगळे, मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे, जाहिरातीवरून आलेले आणि स्वतःहून आलेले वेगळे.

तारखेचाही असाच घोळ होतो. अक्षय्य तृतीयेला अनेक घरांत आमरस लागतोच, त्यामुळे त्याच्या आधीचा आठवडा मागणीचा. २०२४ मध्ये अक्षय्य तृतीया १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. एप्रिलचा शेवटचा आठवडा मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघितला तर २०२५ मध्ये साइट अचानक सुधारली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक ढेपाळली असं वाटेल. तुलना तिथीशी करा. आणि मार्चमधल्या पहिल्या पेट्यांचा भाव चढा असतो, तेव्हा माणसं भाव बघून जातात आणि एप्रिलमध्ये परत येतात. त्या काळात दर कमीच राहणार.

कोण येतंय?

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, तीन गोष्टी बघितल्या तरी पुरतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात लावताना उद्दिष्ट कुठलं निवडलं होतं? 'ट्रॅफिक' निवडलं असेल तर ती यंत्रणा क्लिक करणारी माणसं शोधून देते, विकत घेणारी नाही. तिने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. विक्रीचं उद्दिष्ट निवडा, आणि त्यासाठी खरेदीची नोंद त्यांच्याकडे नीट पोचते ना, ते आधी बघा.

जाहिरात कुठल्या गावांत दिसते? तुम्ही मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूरलाच पेटी पाठवता आणि जाहिरात भारतभर चालू आहे, असं मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय. लखनौचा माणूस पिनकोड टाकून निराश होऊन जाणारच.

जाहिरातीत दाखवलं ते पान उघडतं का? जाहिरातीत 'दोन डझनची भेटपेटी' आणि क्लिक केल्यावर होमपेज, त्यावर बागेचा ड्रोनमधून काढलेला व्हिडिओ. माणसाने ती पेटी शोधत बसायची? जाहिरात ज्या मालाची, दुवा थेट त्याच पानाचा.

कुठल्या पायरीवरून परत फिरतात

ॲनालिटिक्सच्या 'एक्सप्लोर' भागात फनेलचा, म्हणजे दर पायरीला किती माणसं उरली याचा, अहवाल बनवता येतो. त्यात पायऱ्या लावा: मालाचं पान बघितलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट (पत्ता आणि पैसे भरायचा टप्पा) सुरू केलं, पत्ता भरला, पेमेंटचा मार्ग निवडला, खरेदी झाली. शॉपिफाय आणि वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवायच्या प्रणाली. शॉपिफायवर गुगलचं ॲप जोडलं की यातल्या बहुतेक नोंदी आपोआप होतात, वूकॉमर्सला त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लागतं. मोबाइलचा अहवाल वेगळा काढा. जिथे सगळ्यात मोठी घसरण दिसेल तिथूनच काम सुरू करायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

जोडीला मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावा. ते फुकट आहे, माणूस पानावर कुठे कुठे बोट लावतो त्याचं रेकॉर्डिंग दाखवतं आणि फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर मुळातच झाकून ठेवतं. एका साइटच्या रेकॉर्डिंगमध्ये मी बघितलं: बाई आल्या, पेटीचा फोटो मोठा केला, खाली सरकल्या. तिथे चौकटीत लिहिलं होतं, 'कच्चा / तयार'. त्यांनी 'तयार'वर बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं, जरा जोरात लावल्यासारखं, लागोपाठ. मग वर गेल्या, परत खाली आल्या, 'कच्चा'वर लावून बघितलं. ते बटण नव्हतंच, नुसतं छापलेलं चित्र होतं. मालकाला सांगायचं होतं की दोन्ही प्रकारचा आंबा मिळतो, फोनवर कळवा. बाईंनी पान बंद केलं. अशा ठिकाणांना क्लॅरिटी 'डेड क्लिक' म्हणते आणि त्यांची यादीच काढून देते. सगळी रेकॉर्डिंग बघत बसू नका, कार्टमध्ये माल टाकून निघून गेलेल्यांची तेवढी गाळून बघा.

मालाचं पान बघतात, कार्टमध्ये टाकत नाहीत

इथे दोष बहुधा माहितीचा असतो, दिसण्याचा क्वचितच. काय कमी आहे ते शोधायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे फोन. आठवडाभर येणारे प्रश्न वहीत लिहा. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, त्याचं उत्तर पानावर नाही, किंवा आहे पण सापडत नाही.

हापूसच्या बाबतीत हे प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, फळ केवढं? पेटी तीच धरली तर डझन जितके कमी तितकं फळ मोठं, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. चार डझनची पेटी सहा डझनच्या पेटीपेक्षा महाग का, हे शहरातल्या तिशीतल्या गिऱ्हाइकाला मात्र कळत नाही. त्याला वाटतं सहा डझन घेणं फायद्याचं, आणि मग पेटी उघडल्यावर 'आंबे लहान आले' म्हणून तक्रार. प्रत्येक पेटीपुढे एका फळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा, आणि फळ हातात धरलेला एक फोटो टाका. तळहातावरच्या आंब्याचा अंदाज सगळ्यांना येतो.

दुसरा, येईल तेव्हा कच्चा असेल की खायला तयार? पाडव्याला हवा असलेला माणूस आणि महिनाभर पुरवून खाणारा माणूस यांना वेगळी उत्तरं हवी असतात. निवडायचा पर्याय खरोखर द्या, आणि कच्चा आला तर पेंढ्यात कसा ठेवायचा ते दोन ओळीत तिथेच लिहा. कार्बाइडने पिकवत नाही हेही लिहा. त्यावर कायद्याने बंदीच आहे, तरी गिऱ्हाईक विचारतोच.

तिसरा, हा हापूस खरा कशावरून? कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर प्रमाणपत्र पानाच्या तळाशी बारीक अक्षरात कशाला, भावाच्या खालीच दाखवा. गावाचं नाव, बागेचा यंदाचा फोटो आणि मालकाचा चेहरा ही त्रयी दहा 'शंभर टक्के नैसर्गिक' शिक्क्यांपेक्षा भारी पडते. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंब्याचा फोटो काढून टाका. तो दहा साइटवर असतो आणि गिऱ्हाइकाने त्यातल्या पाच पाहिलेल्या असतात.

चौथा प्रश्न माणसं तोंडाने विचारत नाहीत, पण ऑर्डर अडते ती इथेच: खराब निघाला तर काय? वरून देखणा आंबा कापल्यावर आत साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघतो, हे हापूस खाणाऱ्या प्रत्येकाने भोगलेलं आहे. त्यावर 'नाशवंत माल परत घेतला जाणार नाही' एवढंच लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणं. 'खराब फळाचा फोटो दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत' असं काहीतरी स्पष्ट लिहा, आणि जे पाळणार असाल तेच लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे परताव्याची माहिती आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव, संपर्क साइटवर देणं तसंही बंधनकारक आहे, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. नियम म्हणून द्यायचंच आहे तर ते लपवू नका, त्याचा विश्वासासाठी उपयोग करून घ्या.

वेगाबद्दल थोडक्यात. फोनमधून काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतील तर आधी ते बारीक करा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पान घालून बघा: मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवं, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यायला हवा. वर सरकणाऱ्या पाच बॅनरांचा स्लायडर काढला की निम्मं काम होतं. तिथे शंभरपैकी ९० च्या वर गुण मिळवायच्या नादी मात्र लागू नका, त्याने पेट्या विकल्या जात नाहीत.

कार्टमध्ये टाकतात, चेकआउटला जात नाहीत

कार्ट सोडून जाणं हे सगळीकडेच भरपूर असतं. बेमार्ड या डॅनिश संशोधन संस्थेच्या संकलनात जगभरची सरासरी सुमारे ७० टक्के आहे, त्यामुळे दहातले सात गेले म्हणून छाती पिटू नका. दहातले नऊ जात असतील तर मात्र कारण शोधा. आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: शेवटी उगवलेला पोचवण्याचा खर्च. मालाच्या पानावर भाव वेगळा, कार्टमध्ये वेगळा, पत्ता टाकल्यावर तिसराच.

उपाय सोपा आहे, करायला मालक तयार नसतात. मालाच्या पानावरच पिनकोडची चौकट ठेवा: पिनकोड टाकला की तिथे पोचतो का, कुठल्या दिवशी, आणि घरपोच एकूण किती पडेल हे तिथल्या तिथे दिसलं पाहिजे. मुंबई-पुण्याला बहुतेक पेट्या जात असतील तर खर्च भावातच मिळवून 'घरपोच' लिहा. "मग आमचा भाव शेजाऱ्यापेक्षा जास्त दिसेल," असं म्हणतात. दिसू दे, शेजाऱ्याचा खर्च शेवटी दिसतोच. किंमत अशी हप्त्याहप्त्याने उघड करणं हा ३० नोव्हेंबर २०२३ ला अधिसूचित झालेल्या 'डार्क पॅटर्न'च्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या साइटवरच्या क्लृप्त्यांच्या, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतल्या १३ प्रकारांपैकी एक आहे, तेव्हा प्रश्न फक्त विक्रीचा राहिलेला नाही. 'फक्त २ पेट्या शिल्लक, १४ मिनिटं बाकी' असं खोटं घड्याळ लावणारं प्लगइनही त्याच यादीत बसतं. पान पुन्हा उघडलं की घड्याळ परत पंधरा मिनिटांवर येतं, हे गिऱ्हाइकाला कळत नाही असं समजू नका.

कूपनची मोठी चौकट असेल तर तीही लहान करा. रिकामी चौकट दिसली की माणूस कूपन शोधायला बाहेर जातो, आणि वाटेत दुसऱ्याची साइट लागते.

पत्त्याच्या फॉर्मवर अडतात

हा भाग मोबाइलवर स्वतः भरून बघितल्याशिवाय कळत नाही. पिनकोडचंच बघा. आपण ४१५ ६१२ असं मध्ये जागा सोडून लिहितो, पाकिटांवरही तसंच लिहिलेलं असतं. पुष्कळ फॉर्मना ही मधली जागा चालत नाही आणि ते नुसतं 'अवैध' म्हणून लाल होतात. माणूस पुन्हा तेच आकडे टाकतो, पुन्हा लाल. जागा आपोआप गाळून टाकणं ही प्रोग्रामरसाठी एका ओळीची गोष्ट आहे.

मोबाइल नंबरचं याहून वाईट. फोन स्वतः नंबर भरून देतो तो +९१ सकट. चौकटीला दहाच अक्षरांची मर्यादा घातलेली असेल तर शेवटचे आकडे छाटले जातात. माणसाच्या लक्षातही येत नाही, ओटीपी येत नाही, तो वाट बघतो आणि जातो. किंवा ओटीपी नसेल तर ऑर्डर पडते आणि कुरिअरवाला चुकीच्या नंबरावर फोन लावत बसतो. मर्यादा काढा, पुढचं +९१ किंवा शून्य कोडने गाळा आणि या दोन्ही चौकटींना आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं करून घ्या.

कंपनीचं नाव, पत्त्याची दुसरी ओळ, देश, खातं उघडायची सक्ती, हे सगळं आंबा विकायला कशाला लागतं? वूकॉमर्समध्ये नको त्या चौकटी बंद करता येतात. ईमेल ऐच्छिक ठेवता आला तर ठेवा. उलट, खूण विचारणारी चौकट ठेवा, 'गणपती मंदिरासमोर' लिहायची सोय असली की पेटी पोचते.

आणि परदेशातली माणसं. न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या आई-बाबांना पेटी पाठवतो, हे मोसमातलं हमखास गिऱ्हाईक. त्याला फॉर्म कसा दिसतो? मागवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नंबर एकच धरलेला, तोही भारतीयच हवा. कार्ड अमेरिकेतलं, आणि गेटवेवर परदेशी कार्डं चालू केलेलीच नाहीत, कारण ती परवानगी वेगळी मागावी लागते. 'भेट म्हणून पाठवतोय' असा पर्याय, घेणाऱ्याचा वेगळा नंबर आणि परदेशी कार्डांची परवानगी, एवढं केलंत तर हा माणूस दरवर्षी येतो आणि भाव विचारत नाही.

पेमेंटला अडकतात

इथली घसरण सगळ्यात महाग, कारण माणसाने पेटी घ्यायचं ठरवलेलं असतं. गेटवेच्या डॅशबोर्डवर अयशस्वी आणि अर्धवट सोडलेली पेमेंट उघडा आणि कारणांचा रकाना बघा.

मोबाइलवर क्यूआर कोड दाखवणाऱ्या साइट अजून आहेत. स्वतःच्याच फोनच्या पडद्यावरचा कोड माणूस स्कॅन कशाने करणार? मोबाइलवर यूपीआय ॲपची नावं दिसली पाहिजेत, त्यावर बोट लावलं की ॲप उघडलं पाहिजे. क्यूआर कॉम्प्युटरवर ठीक.

आता या लेखातली सगळ्यात कमी तपासली जाणारी गोष्ट. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या जाहिरातीवर क्लिक केलं की साइट क्रोममध्ये उघडत नाही, त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. पेमेंट ॲपकडे जाणारा यूपीआयचा दुवा अशा ब्राउझरमध्ये काही वेळा चालतच नाही. बोट लावलं की काहीच होत नाही किंवा कोरं, चुकीचं पान येतं. तुम्ही क्रोममध्ये तपासता तेव्हा सगळं ठीक असतं, म्हणून हा दोष मोसमामागून मोसम राहतो. ॲनालिटिक्समध्ये सोशल मीडियावरून आलेल्या मोबाइल भेटींचा फनेल वेगळा काढा. पेमेंट निवडण्यापर्यंत बाकीच्यांसारखा आणि त्यापुढे एकदम शून्याकडे गेलेला दिसला, तर दोष हाच. गेटवेवाल्यांकडून त्यांची नवी आवृत्ती बसवून घ्या, आणि तोवर पेमेंटच्या पानावर 'क्रोममध्ये उघडा' अशी ठळक सूचना किंवा व्हॉट्सॲपवर पेमेंटचा दुवा मागवायचं बटण ठेवा.

दुसरा दोष वर सांगितलेला: गेटवेवर पैसे जमा, साइटवर ऑर्डर नाही. माणूस पेमेंट ॲपमधून परत येईपर्यंत कमी मेमरीच्या फोनने ब्राउझर बंद केलेला असतो. साइटला पैसे मिळाल्याचं कळवायला कुणी उरलेलंच नसतं. वूकॉमर्स अशी ऑर्डर 'पेमेंट बाकी' म्हणून ठेवतं, आणि साठा राखून ठेवायची वेळ बदलली नसेल तर ६० मिनिटांनी रद्द करून टाकतं. गिऱ्हाइकाचे पैसे गेले, वर ऑर्डरही रद्द. यावर वेबहुक हाच उपाय: गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो, मधे फोन लागत नाही. गेटवेच्या सेटिंगमध्ये वेबहुकचा पत्ता भरलेला आहे का, आणि गेल्या आठवड्यातले निरोप यशस्वी पोचलेत का, दोन्ही बघा. साइटचं नाव किंवा होस्टिंग बदलल्यावर हा पत्ता जुनाच राहून जातो.

ए-बी टेस्ट करू का?

म्हणजे निम्म्या माणसांना जुनं पान आणि निम्म्यांना बदललेलं दाखवून कुठलं जास्त विकतं ते बघू का? नका करू. सध्याचा दर १ टक्का आहे आणि बदलाने तो १.२ टक्के होतो का हे खात्रीने कळायला नेहमीच्या संख्याशास्त्रीय हिशोबाने प्रत्येक बाजूला साधारण ४० हजार भेटी लागतात, दोन्ही मिळून ८० हजार. महिन्याला २००० भेटींच्या साइटला त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. चाळीस-पन्नास भेटी झाल्यावर 'केशरी बटण जिंकलं' म्हणणाऱ्या माणसाचं बिल देऊ नका. लहान साइटने उघड दिसणारे अडथळे काढावेत आणि त्या त्या पायरीचा आकडा हलला का ते बघावं.

मोसम सुरू होण्याआधी

आठ-नऊ महिने साइट बंद असल्यासारखीच असते. तेवढ्यात प्लगइन बदललेले असतात, कुरिअरचे दर बदललेले असतात, मागच्या जूनमध्ये लावलेली 'साठा संपला'ची पाटी एखाद्या पेटीवर तशीच असते. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी, जाहिरातीचा पहिला रुपया जायच्या आधी, घरातल्या अशा कुणालातरी बसवा ज्याने साइट बनवताना पाहिलेली नाही. त्याच्या स्वतःच्या साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, इन्स्टाग्रामवर टाकलेल्या दुव्यावरून आत जाऊ द्या. खऱ्या पैशांची खरी ऑर्डर करायला सांगा, टेस्ट मोडमध्ये नको, कारण टेस्ट मोडमध्ये यूपीआय ॲप सहसा उघडत नाही. तुम्ही मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. तो जिथे थांबेल, जिथे "हे काय आहे?" म्हणेल, तिथला स्क्रीनशॉट घ्या. मग तिन्ही ठिकाणी, गेटवेवर, साइटवर आणि ॲनालिटिक्समध्ये, ती ऑर्डर पोचली का बघा आणि पैसे परत करून परताव्याचा मार्गही एकदा चालवून बघा. तीच कसरत अक्षय्य तृतीयेच्या दहा दिवस आधी पुन्हा, आणि मधे कुणी प्लगइन अपडेट केलं तर त्याच दिवशी.